शाळा फुकट, मग पैसे कशाचे?

हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत पहिली ते आठवीला फी नाही. पुस्तकं सरकारी, गणवेश सरकारी, दुपारची खिचडी शाळेतच शिजते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. आठवीपुढच्या मुलींना शाळेत न्यायला-आणायला मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत. आणि तरीही पुण्या-मुंबईच्या एखाद्या घरी पत्रक येतं: दरमहा इतके रुपये द्या, एका गरीब मुलाचं शिक्षण तुमच्यामुळे पूर्ण होईल. सोबत एका मुलीचा फोटो, तिचं वय, इयत्ता, आवडता विषय.

वाचणारा हिशेबी असेल तर त्याला लगेच शंका येते. शाळेला पैसेच लागत नाहीत, तर माझे पैसे नेमके कशाला लागणार? शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र शाळेच्या हिशेबात मिळत नाही, त्यासाठी मुलाच्या घरचा हिशेब पाहावा लागतो.

दसऱ्याच्या आधीचा हिशेब

सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांवरून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, हातात पडते, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, एकट्या माणसावर नाही. त्यामुळे बायकोला मागं ठेवता येत नाही, आणि आई निघाली की लेकरंही निघतात.

या घरातली अकरा वर्षांची मुलगी घ्या. फडावर तिची कामं ठरलेली असतात: धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, वाढे गोळा करायचे. ती शाळेत राहिली तर फी पडत नाही हे खरं, पण मग ही कामं कोणी करायची? अर्थशास्त्रात याला संधीचा खर्च म्हणतात. एक गोष्ट निवडली की दुसरी हातची जाते, तिची ही किंमत. या खर्चाची पावती कोणी फाडत नाही, म्हणून ‘मोफत’च्या सरकारी यादीत तो दिसतही नाही.

तिला आजीजवळ ठेवायचं म्हटलं तर पाच-सहा महिन्यांचा किराणा मागं ठेवून जावा लागतो. वर दवाखाना, वह्या, चपला. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करता येते, म्हणजे आईवडील बाहेर असेपर्यंत मुलांना दोन वेळचं जेवण मिळतं. ही वसतिगृहं जिथे नीट चालतात तिथे मुलं टिकतात. पण मुलगी तेरा-चौदाची झाली की प्रश्न जेवणाचा राहत नाही, रात्रीचा होतो. घरी म्हातारी आजी, आईवडील तीनशे किलोमीटरवर. मराठवाड्यात कितीतरी मुलींची लग्नं अशाच काळजीपोटी कायद्याचं वय होण्याआधी उरकली जातात. आणि लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो.

जे ऊसतोडीला जात नाहीत त्यांचीही वेगळी अडचण असते. वसमतची हळद नावाजलेली. तिची काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश हे सगळं साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर येतं. रोजगाराचे हे चार दिवस घराला सोडवत नाहीत. त्यात नववीपासून पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि दहावीला बोर्डाची फी भरावी लागते.

एवढं पाहिलं की लक्षात येतं, मूल शाळेतून सुटतं ते बहुतेकदा एखाद्या डोंगराएवढ्या खर्चामुळे नव्हे. बापाचं आजारपण येतं, बैल दगावतो, सोयाबीन पावसात भिजतं आणि दोन-चार हजारांची तूट नको त्या महिन्यात पडते. ती भरून काढायला उचल घेतली जाते, आणि उचल घेतली की मूलही सोबत निघतं. प्रायोजकाचा पैसा उपयोगी पडतो तो या ठिकाणी. त्यामुळे रक्कम किती याच्याइतकंच, किंबहुना अधिकच, ती कोणत्या महिन्यात येते याला महत्त्व आहे.

सरकारही प्रायोजक होतं

प्रायोजकत्व म्हटलं की परदेशी संस्था डोळ्यांपुढे येतात. पण आज हिंगोलीतल्या मुलासाठी सर्वांत जवळचा प्रायोजक सरकार आहे, आणि हे अनेक पात्र घरांना माहीतच नसतं.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. मुलाला घरातून उचलून बालगृहात ठेवण्याऐवजी त्याच्या घरालाच मदत करायची, हा तिचा गाभा. कायद्याने त्यासाठीची कारणंही सांगितली आहेत: आई विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेली असणं, अनाथ मूल नातेवाइकांकडे राहत असणं, आईवडिलांना जिवावरचा आजार असणं, अपघाताने ते मुलाला सांभाळायला असमर्थ होणं. मदत एका व्यक्तीने एका मुलाला करावी, गटाने करावी किंवा समाजाने मिळून करावी, असे तिन्ही मार्ग कायद्याला मान्य आहेत.

या पायावर दोन योजना चालतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० रुपयांच्या आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. राज्याची जुनी बालसंगोपन योजना आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिची रक्कम बराच काळ दरमहा ४२५ रुपये होती, मग ती १,१०० झाली आणि २०२३ पासून २,२५० झाली. वर्षाचे २७,००० रुपये. विधवा आजीच्या घरात हा पैसा किराण्याचा प्रश्न सोडवू शकतो.

अर्ज जातो जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हिंगोली स्वतंत्र जिल्हा असल्यामुळे हा कक्ष हिंगोलीतच आहे, परभणी गाठावी लागत नाही. अर्जासोबत आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, वडील किंवा आई वारली असल्यास मृत्यूचा दाखला लागतो. शिवाय मूल आणि पालक घरासमोर उभे आहेत असा एक फोटो. त्यानंतर गृहभेट होते. कोणीतरी खरंच घरी येऊन पाहतं: मूल इथेच राहतं का, शाळेत जातं का, ज्याचं नाव पालक म्हणून लावलंय तोच त्याला जेवायला घालतो का. त्या अहवालावरून बाल कल्याण समिती आदेश काढते आणि पैसे थेट बँक खात्यात जमा होतात.

लोकांना ही गृहभेट कटकट वाटते. मला ती या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत कामाची पायरी वाटते. कागदावरचं अनाथ मूल आणि घरातलं अनाथ मूल ही एकच व्यक्ती आहे, याची खात्री तिथेच होते.

बालसंगोपन योजनेचा आणखी एक गुण सहसा सांगितला जात नाही. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी एक लाखाची मदत सरकारी निकषांवर ठरते: शेती कोणाच्या नावावर, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, ते थकलं होतं का. सावकाराचं कर्ज असेल किंवा सातबारा भावाच्या नावावर असेल तर प्रकरण अपात्र ठरू शकतं. बालसंगोपनाला बापाचं कर्ज किंवा सातबारा बघायचाच नाही. बाप गेला आणि मूल आईपाशी आहे, एवढं पुरे. जिथे पहिला दरवाजा बंद झाला तिथेही हा उघडा राहतो.

दोष आहे तो वेळेचा. अनुदान महिनोन्महिने अडकून मग एकदम खात्यात पडतं, अशी तक्रार या योजनेबद्दल वारंवार होते. फेब्रुवारीत एकरकमी जमा झालेले दहा-बारा हजार कोणाला नको असतील? पण दसऱ्याला घेतलेली उचल ते परत फेडून देत नाहीत. तोवर पोरगी फडावर पोहोचलेली असते.

चौकट: अर्ज करायचा असेल तर
• वय १८ पूर्ण होण्याआधी अर्ज करावा. मूल शाळेत असावं.
• चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. गावात अंगणवाडी सेविकेलाही विचारता येतं.
• एकाच घरातल्या प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र अर्ज लागतो.
• मूल संकटात असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.
• खासगी व्यक्तीला एखाद्या मुलाचा खर्च उचलायचा असेल तर मिशन वात्सल्यमध्ये त्याचीही सोय आहे. त्यासाठी बाल संरक्षण कक्षाशीच बोलावं.

शंभर रुपये जातात कुठे?

आता त्या पत्रकाकडे वळू. खासगी संस्थेला दिलेले पैसे त्या फोटोतल्या मुलीच्या हातात जातात का? बहुधा नाही, आणि ते जाऊ नयेत हेच बरं.

हळदीच्या शेतातलं ठिबक आठवा. विहिरीवर पंप, मग फिल्टर, मग मुख्य नळी, तिच्यातून निघालेल्या बारीक नळ्या आणि शेवटी थेंब टाकणारा ड्रिपर. पाहुणा आला की त्याला ड्रिपरखालची ओली माती दाखवतात. पण ज्याचं शेत असतं त्याचं लक्ष फिल्टरवर असतं, कारण तो तुंबला की सगळं ठिबक कोरडं पडतं. संस्थेचा हिशेबनीस, गावोगाव फिरणारी कार्यकर्ती, तिच्या दुचाकीचं पेट्रोल, लेखापरीक्षण हे सगळं फिल्टरमध्ये मोडतं. देणगीदाराला हा खर्च खुपतो. ‘शंभरातले शंभर रुपये मुलालाच’ असं सांगणाऱ्या संस्थेला म्हणूनच विचारावं की मग मुलापर्यंत पोहोचतं कोण आणि त्याचा पगार कुठून निघतो. आणि ड्रिपर एका रोपापाशी असला तरी भिजतो पूर्ण गादीवाफा. मोठ्या संस्थांमध्ये तसंच होतं: नाव एका मुलाचं, पण पैसे एकत्र करून गावातली अभ्यासिका, आरोग्य तपासणी, पिण्याचं पाणी, किशोरींचे गट यांवर खर्च होतात.

असं करण्यामागे व्यवहारी कारण आहे. चाळीस मुलांच्या वर्गात तिघांनाच नवं दप्तर आणि सायकल मिळाली तर उरलेल्या सदतीस घरांत काय होतं, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. शिवाय काही गरजा एकट्याच्या नसतातच. गावातून हायस्कूलच्या गावाला जाणारा रस्ता एका मुलीसाठी सुरक्षित आणि दुसरीसाठी असुरक्षित असू शकत नाही.

दुसरी पद्धत थेट मदतीची: संस्था विशिष्ट मुलाची वसतिगृहाची किंवा कॉलेजची फी भरते आणि पावती प्रायोजकाला पाठवते. मोठ्या मुलांसाठी ही चांगली. तिसरी, मुलांना आपल्याकडे आणून शिकवण्याची. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर आणि उस्मानाबादमधली सुमारे १,२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला आणून शिकवली. घर, गाव, शाळा सगळंच जमीनदोस्त झालं होतं, तिथे तो उपाय योग्यच होता. पण आई जिवंत आणि घर उभं असताना केवळ गरिबीपायी मूल दूर नेणं हा शेवटचा पर्याय असावा, असं आजचा कायदाही मानतो.

फोटोतलं मूल

दुसऱ्याच्या लेकराचं शिक्षण आपण उचलावं, ही कल्पना आपल्याकडे जुनी. पुण्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी म्हणजे सात घरांनी मिळून केलेलं प्रायोजकत्वच. मात्र ते दार एकाच जातीच्या मुलांना उघडं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली ती ही कोंडी फोडायला. आणि सयाजीराव गायकवाडांनी कृ. अ. केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला बी.ए.साठी दरमहा २५ रुपये दिले, पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जायला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याची अट होती. त्या काळच्या प्रायोजकाला फोटो नको होता, करार हवा होता.

फोटोवाली पद्धत युद्धातून आली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत निराधार झालेल्या मुलांसाठी जॉन लँगडन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराने एक योजना काढली: एका मुलामागे एक दाता, आणि दोघांत पत्रव्यवहार. तीच आजची प्लॅन इंटरनॅशनल. पुढे कोरियन युद्धाच्या सुमारास वर्ल्ड व्हिजन (१९५०) आणि कम्पॅशन (१९५२) या संस्थांनी हाच सांगाडा उचलला. एक चेहरा समोर ठेवला की माणूस देतो, आणि महिन्यामागून महिने देत राहतो, हे त्यांना नेमकं उमगलं होतं.

त्या चेहऱ्याची किंमत मात्र कधीकधी मुलालाच मोजावी लागते. १९८२ मध्ये ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या नियतकालिकाने एक अख्खा अंक या पद्धतीविरुद्ध काढला. मुलाला आभाराची पत्रं लिहायला लावणं, घरच्यांना कमीपणा येणं, बरीच शक्ती पत्रं पोहोचवण्यात जाणं, हे त्यातले आक्षेप. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने एक मालिका छापली. तिच्यासाठी वार्ताहरांनी चार संस्थांमार्फत बारा मुलं प्रायोजित केली आणि नंतर त्यांना शोधायला निघाले. मालीतली एक मुलगी वीज पडून केव्हाच गेली होती; प्रायोजकाकडून पैसे घेणं चालूच होतं.

भारतात परदेशी पैशावर विदेशी योगदान नियमन कायद्याचं नियंत्रण आहे. त्याच्या कात्रीत सापडून कम्पॅशनने मार्च २०१७ मध्ये इथलं काम थांबवलं, तेव्हा एक लाखाहून अधिक मुलांची मदत एकदम तुटली. संस्थेचं चुकलं की सरकारचं, हा वाद वेगळा. २०२० च्या दुरुस्तीने तर परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसरीला देणंही बंद केलं. मोठ्या शहरी संस्थेमार्फत पैसे मिळवणाऱ्या तालुक्याच्या छोट्या संस्थांचा मार्ग त्यामुळे आटला.

उपयोग होतो का?

इतकी वर्षं इतका पैसा गेला, पण त्याने फरक पडतो का हे फारसं कोणी नीट मोजलं नव्हतं. ब्रूस वायडिक, पॉल ग्लूवी आणि लेन रटलेज या तीन संशोधकांनी कम्पॅशनच्या कार्यक्रमाबाबत ते केलं. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा देश, त्यांत भारतही. दहा हजारांहून अधिक माणसं, सगळी आता मोठी झालेली.

अडचण अशी की मदत मिळालेल्या मुलाची तुलना करायची कोणाशी? शेजारच्या मुलाशी केली तर म्हणता येतं, याचे आईवडील मुळातच जागरूक होते. त्यांनी युक्ती केली. कम्पॅशनचा नियम होता की गावात कार्यक्रम सुरू होताना मूल साधारण बारा वर्षांच्या आत हवं. म्हणजे एकाच घरात नऊ वर्षांचा धाकटा आत आला आणि चौदा वर्षांचा थोरला केवळ वयामुळे बाहेर राहिला. आईबाप तेच, घर तेच, गाव तेच. अशा भावंडांची तुलना केली तर उरणारा फरक बराचसा कार्यक्रमाचा म्हणता येतो. तो निघाला शाळेच्या सुमारे एक ते दीड वर्षाचा. माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं आणि मोठेपणी पगारी, टेबलावरची नोकरी करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं.

याच गटातल्या संशोधकांनी पुढे इंडोनेशियातल्या मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. प्रायोजित मुलांच्या चित्रांत उदासी आणि भीतीच्या खुणा कमी होत्या, आशेच्या जास्त. या कार्यक्रमात मुलं आठवड्यातून काही तास केंद्रावर येत, तिथे एक मोठं माणूस त्यांचा अभ्यास आणि तब्येत विचारत असे. पैशाचा परिणाम किती आणि या विचारपूस करण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. माझा कल विचारपुशीकडे आहे. ज्या मुलीची गैरहजेरी तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते, तिला फडावर न्यायला घरच्यांनाही जरा जड जातं.

हा निष्कर्ष एका संस्थेच्या कार्यक्रमाचा आहे, हे विसरून चालणार नाही. फोटो छापणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याचं श्रेय घेता येणार नाही.

अठराव्या वाढदिवसानंतर

सरकारी योजनेत एक विचित्र फट आहे. बालगृहात वाढलेलं मूल १८ व्या वर्षी बाहेर पडलं की त्याला कायद्याच्या कलम ४६ नुसार अनुरक्षणाची मदत मिळू शकते, मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पण जे मूल बालसंगोपनावर, आईच्या किंवा आजीच्या घरी वाढलं, त्याला हे कलम लागू नाही, कारण ते संस्थेतून बाहेर पडलेलंच नाही. म्हणजे कायद्याला हवं तसं घरातच राहिलेल्या मुलाचा आधार वाढदिवसाच्या महिन्यात संपतो. ज्याचा वाढदिवस ऑक्टोबरात आहे, त्याची मदत बारावीच्या परीक्षेच्या चार महिने आधी बंद.

पुढे शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या प्रवेश झाल्यानंतर आणि बहुतेकदा उशिरा जमा होतात. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला आयटीआय, नर्सिंग किंवा डिग्रीला गेलेल्या मुलाला खोलीचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे जूनमध्येच लागतात. खासगी प्रायोजकाला सहसा सात वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो आवडतो. मिसरूड फुटलेल्या बारावीच्या पोराचा फोटो कुठल्या पत्रकावर छापलेला दिसत नाही. हिंगोलीच्या बाल संरक्षण कक्षाकडे यंदा १८ पूर्ण करणाऱ्या मुलांची नोंद असते. प्रायोजक व्हायची इच्छा असलेल्याने तिथे जाऊन अशा एखाद्या मुलाच्या पुढच्या तीन वर्षांच्या खोलीभाड्याची आणि मेसची जबाबदारी घ्यायची तयारी दाखवावी, आणि पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतील एवढं पाहावं.